यंत्राच्या पोटात दगड

पांढुर्ण्याचे नाव बाहेरच्या लोकांनी ऐकलेले असते ते बहुधा दोनच गोष्टींमुळे. एक संत्री आणि दुसरे गोटे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरची माणसे एकमेकांवर दगड भिरकावतात, दरवर्षी शेकडो जण जखमी होतात आणि वर्तमानपत्रांना छायाचित्र मिळते. या गोटमारीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याचा आमचा विचार नाही. आम्ही आज सांगणार आहोत ते त्याच दगडाच्या अगदी वेगळ्या उपयोगाविषयी. हा दगड कोणाच्या डोक्यात गेला नाही, तो एका यंत्राच्या पोटात गेला.

दूरच्या वाचकांसाठी प्रथम या मुलखाची थोडी ओळख करून देतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्या जिल्ह्याच्या दक्षिणेस असलेल्या पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांत घराघरांतून मराठी बोलली जात होती, ती आजही बोलली जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा निराळा झाला तरी मोठ्या कामासाठी नागपूरची वाट धरण्याची सवय मात्र मोडलेली नाही. मोटारीचा एखादा भाग तुटला, पंपाचा दांडा झिजला, की तो पिशवीत घालून माणूस नागपूरच्या गाडीत बसतो.

ही वाट थोडी आखूड करावी, या हेतूने आमच्या पुतण्याने घराच्या मागच्या पडवीत एक छोटा कारखाना मांडला. आय. टी. आय. चे शिक्षण झाल्यावर तो काही वर्षे नागपुरात नोकरीस होता. आमचे थोरले बंधू वारले, संत्र्याची बाग पाहणारे कोणी उरले नाही, म्हणून तो परत आला. परंतु हाताची विद्या त्यास स्वस्थ बसू देईना. साठवलेल्या पैशांतून त्याने एक लहानसे मिलिंग मशीन घेतले. फवारणी पंपांचे सुटे भाग, दांड्यांतील चावीच्या खाचा, कपलिंगे अशी कामे त्याच्याकडे येऊ लागली.

पहिल्याच हंगामात सौंसरच्या एका गृहस्थांनी एक दांडा परत आणून दिला. खाच रुंद झाली होती आणि तिच्या भिंतींवर पाण्यावर उठाव्यात तशा लाटा दिसत होत्या. गृहस्थ सज्जन होते. रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “बाळ, या वेळी मी नागपूरहूनच करून आणतो.” वहिनींनी ते आतून ऐकले. त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. गिऱ्हाईक नागपूरला गेले की त्याच्या मागोमाग हा मुलगाही जाणार, हे न बोलताच सर्वांस कळले होते.

यंत्र थरथरते म्हणजे काय

लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंग मशीनवर याच्या उलट, हत्यार फिरते आणि शेगड्यात पकडलेले काम त्याच्याखालून हळूहळू सरकते. त्या फिरणाऱ्या कटरला दाते असतात. चार दात्यांचा कटर मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर लोखंडावर दर सेकंदाला ४० टोले बसतात. प्रत्येक टोल्याचा प्रतिटोला कटरमधून यंत्राच्या खांबात आणि खांबातून तळाच्या बैठकीत उतरतो. खांब जरासा मागे झुकतो आणि परत येतो. परत येण्याच्या वेळीच पुढचा दाता येऊन भिडला, की हेलकावा मोडण्याऐवजी वाढत जातो. झोपाळ्यास वेळ साधून ढकलावे तसे. मग यंत्र किंचाळू लागते, कामावर लाटा उमटतात, कटरची धार जाते. कारखान्यांतून यास ‘चॅटर’ म्हणतात.

मोठ्या यंत्रांत हा प्रकार कमी होतो, कारण त्यांचे सांगाडे जाड बिडाचे असतात. बिडात कार्बनाचे बारीक पापुद्रे विखुरलेले असतात, आणि कंपाची शक्ती त्यांच्या आसपास घर्षणाने जिरून जाते. पोलाद अधिक मजबूत असूनही यंत्राच्या बैठकीसाठी बीड पसंत केले गेले, त्याचे हे एक कारण होय. जुने कारखानदार तर ओतलेले बीड उघड्यावर ऊनपाऊस खात महिनोन्‌महिने मुरवीत, आणि आतला ताण निघून गेल्यावरच त्यावर अखेरचा हात फिरवीत. लोणच्याप्रमाणे बीडही मुरावे लागते! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली ती बिडाच्या ओतकामाच्या भरवशावर. आणि १९४१ साली महाराष्ट्राबाहेर, हरिहर येथे स्थापन झालेल्या म्हैसूर किर्लोस्करने लेथ बनवून देशभर पाठवले. तसल्या जुन्या लेथवर टिचकी मारून पाहावी, आवाज बद्द येतो.

हौशी माणसासाठी बनवलेल्या छोट्या यंत्रास हे भाग्य लाभत नाही. त्याचे वजन कमी ठेवायचे, किंमत कमी ठेवायची, म्हणून भिंती पातळ आणि पोट रिकामे. पुतण्याने खांबावर किल्ली आपटली तेव्हा तो मंदिरातल्या टोलासारखा वाजला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “रिकामे पातेले वाजणारच. त्यात तांदूळ भरा, मग वाजते का पाहा.”

वाचकहो, पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत जे पानभर लिहिलेले असते, ते एवढेच.

दगड आणि डिंक

यंत्राच्या पोटात दगड भरण्याची कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तोफगोळे कातण्यासाठी अवजड लेथ हवे होते, पण एवढे मोठे ओतकाम मिळण्यास वेळ लागत होता. तेव्हा ल्युसिअन येओमन्स या अभियंत्याने लेथच्या सांगाड्यांत काँक्रीटचा उपयोग करून निकड भागवली. पुढे सिमेंटऐवजी एपॉक्सी आले. घरात तुटकी बशी जोडायला आपण जे दोन नळ्यांचे ॲराल्डाइट वापरतो, त्याच जातीची ही राळ. स्वित्झर्लंडच्या स्टुडर कंपनीने दगडाची खडी व एपॉक्सी यांच्या मिश्रणास ग्रॅनिटान असे नाव देऊन आपल्या ग्राइंडिंग यंत्रांच्या बैठकाच त्याच्या ओतल्या. आपल्याकडे कोइम्बतूरच्या पी. एस. जी. तंत्रज्ञान महाविद्यालयात, पोलादी गज घातलेल्या अशा दगडी मिश्रणाचे यंत्रखांब कसे करावेत यावर संशोधन झाले आहे.

या मिश्रणाचे गुण आणि अवगुण दोन्ही समजून घेतले पाहिजेत, कारण अर्धवट माहितीने माणूस फसतो. कंप जिरवण्याच्या बाबतीत ते बिडाच्या कित्येक पट सरस आहे. राळ मऊ आणि खडी कठीण, या दोहोंच्या लक्षावधी सीमांवर कंपाची शक्ती विरते. परंतु ताठपणात ते बिडाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याचे. वजनातही ते पाण्याच्या सव्वादोन पटींच्या आसपास, तर बीड पाण्याच्या सातपटींहून अधिक जड. ज्यांना वाटते की दगड भरला म्हणजे यंत्र लोखंडाहून बळकट झाले, त्यांनी पुढचा हिशेब पाहावा.

बाहेरून १०० मिलिमीटर चौरस आणि १० मिलिमीटर जाड भिंतींचा एक पोकळ बिडाचा खांब घेऊ. त्याची आतली ८० मिलिमीटरची पोकळी पूर्ण भरली, तर वाकण्याविरुद्धचा त्याचा ताठपणा वाढतो तो सुमारे एक पंचमांश. दुप्पट नव्हे, दीडपटही नव्हे. याचे कारण असे की वाकण्यास विरोध करतात त्या कडेच्या भिंती. मधला भाग तेथे फारसा कामास येत नाही. वेळू पोकळ असूनही ताठ उभा राहतो, तो याच नियमाने. मग भरण्याचा लाभ काय? लाभ दोन. पातळ भिंती डमरूच्या कातड्यासारख्या आतबाहेर होत असतात, त्यांना मागून टेकू मिळतो. आणि उठलेला हेलकावा लवकर विझतो. दगड यंत्रास पहिलवान करीत नाही, तो त्याला शांत करतो. एवढे मनात पक्के असले तर पुढे निराशा होत नाही.

आधी रोग, मग औषध

पुतण्यास तर त्याच दिवशी राळ आणायला निघायचे होते. आम्ही त्यास थांबवले. नाडी न पाहता काढा देणारा वैद्य आम्हांस आवडत नाही. आम्ही मागवला एक ताणकाटा आणि पुतण्याकडचा डायल. ताणकाट्याने यंत्राचे डोके पुढे ओढायचे आणि डायल एकेका ठिकाणी टेकवून, कोणता भाग किती हलतो ते पाहायचे. डायलचे एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. एरवी डोळ्यास न दिसणारी लबाडी तेथे उघडी पडते.

निष्कर्ष अनपेक्षित निघाला. बैठक जवळजवळ हलतच नव्हती. खांब स्वतः थोडा वाकत होता. पण सर्वांत जास्त हालचाल होती ती खांब बैठकीस जेथे बोल्टांनी जखडला होता त्या सांध्यात. खांब उतरवून पाहिला, तर त्याच्या तळव्याखाली रंगाचा जाड थर, आणि तळवा चारपैकी दोनच कोपऱ्यांवर टेकलेला. त्याच्या पोटात सह्याद्री ओतला असता तरी तो डोललाच असता! चार संध्याकाळी पुतण्या निळा रंग लावून कोठे टेकते ते पाहत होता आणि उंचवटे खरवडत होता. चारही कोपरे बसले तेव्हा अर्धे दुखणे तेथेच गेले. ज्यांच्या घरी असे यंत्र असेल त्यांना आमचे प्रथम सांगणे हेच की खडी विकत घेण्यापूर्वी सांधे तपासा.

उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही दगडाकडे वळलो.

कोणता दगड

या बाबतीत आमचा जिल्हा श्रीमंत आहे. पांढुर्ण्याकडे ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. दख्खनच्या पठाराचाच हा एक पदर. सौंसरकडे त्याहून फार पुराणे खडक उघडे पडतात. सर लुई ली फर्मोर या भूवैज्ञानिकाने मँगनीजच्या शोधात हा सारा पट्टा पालथा घातला. त्यावरचा त्याचा मोठा ग्रंथ १९०९ साली निघाला, आणि येथील खडकांच्या मालिकेस पुढे सौंसरचेच नाव मिळाले. त्या मालिकेत संगमरवर आहे, अभ्रकाचे पापुद्रे असलेला दगडही आहे. आपल्या कामास तो नको, कारण अभ्रक थराथरांनी सुटते. मुरूम नको, कुजका दगड नको. ‘ग्रॅनाइट’ हे नाव रूढ असले तरी ग्रॅनाइटच पाहिजे असे मुळीच नाही; कठीण, ताजा, कोनदार फुटलेला काळा पत्थर उत्तम.

क्रशरवरून आम्ही तीन प्रकारचा माल आणला. हरभऱ्याएवढी खडी, ज्वारीएवढी चुरी आणि रव्यासारखी भुकटी. मोठ्या दगडांमधल्या फटी मधल्या दाण्यांनी भराव्यात, त्यांच्या फटी बारीक कणांनी, आणि अखेरच्या सूक्ष्म फटी तेवढ्या राळेने. असे जमले म्हणजे राळ वजनाने दहाव्या हिश्श्याच्या आसपास पुरते. राळ अधिक घातल्यास मिश्रण सैल व ओतण्यास सोपे होते, म्हणून मोह होतो. पण राळ स्वतः मऊ, ती घट्ट होताना तापते, आकसते, आणि उन्हाळ्यात लोखंडापेक्षा कितीतरी अधिक फुगते. नऊ भाग दगड आणि एक भाग राळ हे प्रमाण ज्याने संयमाने साधले, त्याचे काम टिकते.

खडी धुऊन गच्चीवर चार दिवस उन्हात वाळवली. ओल ही राळेची वैरीण आहे.

येथे एक गंभीर गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. भुकटी म्हणून पुष्कळ ठिकाणी गारेचे पीठ सुचवले जाते. आमच्या पिढीने पाटीवर ज्या पेन्सिलींनी अक्षरे गिरवली त्या मंदसौरहून येत. त्या कापणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ बसून अनेकांचे प्राण गेले, आणि १९८२ साली मध्य प्रदेशात त्यांच्यासाठी कल्याण निधीचा कायदा करावा लागला. झाबुआकडचे आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याच्या बाजूस गार दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. हौसेपायी ती धूळ घरात आणू नये. आम्ही गारेचे पीठ घेतलेच नाही. काळ्या दगडाची भुकटीसुद्धा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, चांगला मास्क बांधून चाळली, आणि पोरांना त्या दिवशी मामाच्या घरी पाठवले. राळेचा हार्डनर कातडीस लागला तर खाज व फोड उठतात, आणि एकदा अंगाने त्याचा विटाळ धरला की पुढे वासही सोसत नाही. हातमोजे हवेतच.

आमची चूक

आता आमची फजिती. राळ आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर वजनाने दिलेले होते. काटा शेजारच्या खोलीत होता, आणि आम्ही वयाने मोठे. आम्ही म्हणालो, “आण तो चहाचा कप, मापून टाकू.” दोन्ही द्रव सारख्या वजनाचे नसतात हे आम्ही शाळेत मुलांना पस्तीस वर्षे शिकवले होते! पहिला घाणा बैठकीच्या एका कप्प्यात भरला. दुसऱ्या दिवशी पाहिले तर चिक्कीच्या पाकासारखा चिकट. तिसऱ्या दिवशीही तसाच. आठव्या दिवशी पुतण्याने मुकाट्याने छिन्नी घेतली आणि सारे खरवडून काढले. तो एक शब्दही बोलला नाही, आणि त्यामुळेच आम्हांस फार लागले. त्यानंतर वहिनींचा स्वयंपाकघरातला काटा कारखान्यात गेला, आणि वहिनींना नवा आणून द्यावा लागला.

दुसऱ्या खेपेस काम रीतीने झाले. खांबाच्या व बैठकीच्या आतला रंग आणि तेल पूर्ण काढून तो पृष्ठभाग खरखरीत केला. राळ लोखंडास चिकटली नाही, तर आतला दगड निव्वळ ओझे होऊन बसतो. आरपार काही बोल्ट आणि गज घातले, म्हणजे पकड केवळ चिकटण्यावर राहू नये. वीजतारांसाठी नळी ठेवली. जे बोल्ट पुढे कधी काढावे लागतील त्यांस मेण चोपडले. हा विचार आधी करावा, कारण दगड एकदा बसला की परत निघत नाही. बैठक उलटी करून तीन टेकूंवर पाणसळीने समतल ठेवली. चार टेकू दिले तर ती किंचित पिळवटून बसते, आणि तो पीळ मग कायमचा राहतो.

दिवस मार्गशीर्षातले होते. आमच्याकडे वैशाखात राळ हातातच तापून घट्ट होईल. एकाच वेळी मोठा घाणा केला तरी हेच होते, म्हणून तांब्या-तांब्याने मिसळले, थर देत गेलो, आणि प्रत्येक थर गजाने ठासून, बाहेरून लाकडी हातोडीने ठोकून हवा काढली. आठवडाभर कोणी हात लावला नाही. मग खांब उभा केला, गुण्या आणि डायल लावून सारे पुन्हा काटकोनात आणले.

फळ काय मिळाले

ताणकाटा आणि डायल यांनी पुन्हा मोजले. भरलेल्या खांबाने वाकणे थोडे कमी केले होते, हिशेबात होते तसेच, थोडेच. पण किल्ली आपटली तेव्हा आवाज आला तो ‘ठक्‌’ एवढाच, आणि तेथेच संपला. कटर लोखंडास भिडला तेव्हा पहिल्यासारखी किंकाळी उठली नाही. खाचेच्या भिंतींवरच्या लाटा गेल्या. यंत्र काही मोठ्या यंत्रासारखे झाले नाही, ते होणारही नव्हते. खोल काप घेतला तर आजही कुरकुरते. पुतण्या त्याच्या ताकदीची कामे त्यास देतो आणि बाकीची खुशाल नागपूरला पाठवतो.

हे सारे घरी करण्यासारखे आहे काय, असे वाचक विचारतील. हात कामाला सरावलेला असेल, धीर असेल आणि काटा जवळ असेल, तर होय. पैसे बेताचे असतील, तर आधी सांधे खरवडा, यंत्र जड टेबलाशी घट्ट जखडा. एवढ्यानेही पुष्कळ साधते. आकसत नाही असे सिमेंटही काही जण भरतात. ते स्वस्त खरे, पण तेलकट बिडास ते धरत नाही आणि पाण्याने गंज येतो. नुसती वाळू भरली तर आवाज बसतो, ताठपणा मात्र येत नाही.

एके काळी नागपूरहून निघणारे ‘उद्यम’ मासिक या भागातल्या घरांतून वाचले जाई. घरच्या घरी काही करून पाहावे, फसले तर पुन्हा करावे, ही खोड त्या पानांनी आमच्या पिढीस लावली. ती पुढच्या पिढीत उतरलेली पाहून बरे वाटते.

गेल्या महिन्यात सौंसरचे ते गृहस्थ पुन्हा आले. दांडा दुसरा होता. पडवीत यंत्र चालू होते, आणि आतल्या खोलीत वहिनी दुपारच्या लवंडल्या होत्या. पूर्वी त्यांना त्या वेळी डोळा लागत नसे. गृहस्थांनी खाचेत बोट फिरवून पाहिले, चावी बसवून पाहिली, आणि पिशवीतून आणखी तीन दांडे काढून पुतण्यापुढे ठेवले.